मोहफुलांचा गेम

दीपालीच्या लॅपटॉपवर डझनभर गेम होते आणि त्यातला एकही पुरा नव्हता.

नागपूरच्या ॲनिमेशन कॉलेजची फी झेपणारी नव्हती. म्हणून बी.एस्सी. झाल्यावर ती आरमोरीला घरीच बसून गेम बनवायला शिकत होती. तशी अडचण काहीच नव्हती. सॉफ्टवेअर फुकट, शिकवणारे व्हिडिओ फुकट, झाडांची-जनावरांची तयार चित्रं फुकट. कुठे अडलं तर फोरमवर विचारायचं, कोणीतरी अनोळखी माणूस उत्तर द्यायचाच. अडचण दीपालीची होती. एक व्हिडिओ अर्धा झाला की तिला शेजारचा दुसरा दिसायचा. वाघाला पळवायला शिकता शिकता ती नदीचं पाणी हलवायला शिकायला जायची, आणि वाघ एक पाय उचलून तसाच उभा. वर्गातली प्रिया पुण्याला मोठा कोर्स करत होती. तिच्या स्टेटसला काही नवं दिसलं की दीपाली ताटावरून उठून अंगणात येरझाऱ्या घालायची.

तिचे गेम खेळणारं माणूस एकच. शेजारची बायनाबाई. झाडीपट्टीच्या नाटकांत तिची उमर गेली होती. आता ती त्यांत आईच्या भूमिका करायची. दुपारी वेळ मिळाला की येऊन बसायची.

"हा वाघ मले खाते का नाई?" तिनं एकदा विचारलं.

"अजून बनवलं नाई, बाई."

"मागच्या खेळात नदीतच अडकली होती मी. तुह्या सगळ्या गोष्टी रस्त्यातच राह्यतेत काऊन?"

दीपालीला झोंबलं. "शिकून राह्यली ना मी!"

"आमीबी शिकलो," बायनाबाई म्हणाली. "पण पब्लिकसमोर."

दीपाली दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. मग एका ऑनलाइन स्पर्धेत तिनं नाव घातलं. फी नव्हती. तीन दिवसांत छोटा गेम बनवून टाकायचा, जगभरातली माणसं तो खेळणार आणि बरं-वाईट लिहिणार. विषय होता 'जमिनीवर पडलेलं'.

पहिल्या दिवशी तिनं अख्खं जंगल, चार गावं आणि तिन्ही ऋतू मांडले. दुसऱ्या दिवशी सगळं पुसलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्याजवळ मोहाचं एक झाड होतं, वरून पडणारी फुलं होती आणि टोपली घेतलेली एक बाई. तेवढ्यात लाइन गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली. लाइन गेली की लॅपटॉप बंद. तार तुटली, संध्याकाळशिवाय काही होत नाही, असं कळलं. स्पर्धा सहाला संपणार होती.

दीपाली रस्त्यावर आली, परत घरात गेली, परत रस्त्यावर आली. बायनाबाईच्या नाटक कंपनीचा टेम्पो सामान भरून उभा होता. कुरखेड्याकडच्या एका गावात शंकरपट होता, दिवसा बैलांच्या शर्यती आणि रात्री तिथेच नाटकाचा प्रयोग.

"बस गाडीत," बायनाबाई म्हणाली. "तिथी जनरेटर आहे."

दुपारी स्टेजच्या मागे, कपड्यांच्या पेटीवर लॅपटॉप ठेवून ती बसली. जनरेटर धडधडत होता. पलीकडे बैलजोड्या सुटल्या की माणसं ओरडायची आणि तिचं बोट चुकायचं. मोबाइलचं नेटवर्क यायचं, जायचं. ऑर्गन वाजवणारा प्रफुल सूर तपासत होता.

"प्रफुलभाऊ, टोपलीत फूल पडलं तर कसं वाजंल?"

त्यानं हलकेच तीन सूर वाजवले. तिनं ते मोबाइलवर घेतले. आणि लगेच तिचा जीव पुढे धावला.

"अस्वलासाठीबी वाजवा काही."

"अस्वल कुठी आहे?"

"आणते ना आता!"

बायनाबाई अर्ध्या तोंडाला रंग लावून तिथेच बसली होती. "अस्वल राहू दे," ती म्हणाली. "टोपली भरली की काय होते ते सांग."

दीपालीनं टोपली भरून पाहिली. "काहीच नाई होत."

"मंग ते कर."

दीपालीचा पाय सारखा हलत होता. अस्वलाचं चित्र तिनं उघडलंही होतं. ते बंद करताना तिला रडू आल्यासारखं झालं. टोपली भरली की बाईनं ती डोक्यावर घ्यावी, चालत जावं आणि स्क्रीन काळोखी व्हावी, एवढंच तिनं बसवलं. ते बसवायलाही चारदा चुकलं. सहाला थोडी मिनिटं उरली असताना, नेटवर्क असेल तिथे मोबाइल उंच धरून तिनं गेम पाठवला.

बक्षीस मिळालं नाही. मोजकीच माणसं खेळली. एकानं लिहिलं, सूर फार गोड आहेत, पण टोपली इतकी बारकी की मोबाइलवर बोट चुकतं.

वाचून दीपालीचे कान तापले. ती उठली, नाक्यापर्यंत चालत गेली, परत आली. बर्फ कसा पाडायचा हे दाखवणारा नवा व्हिडिओ तिनं लावला. अर्धा पाहिला. मग बंद केला आणि मोहफुलांची फाइल उघडली.

"काय चाललं?" कुंपणापलीकडून बायनाबाईनं विचारलं.

"टोपली मोठी करून राह्यली."

मधे मधे ती उठली, अंगणात गेली, परत येऊन बसली. संध्याकाळपर्यंत टोपली मोठी झाली होती.