नकाशाबाहेरचा मुडवारा

मी मुडवारा बोलतोय, अख्खी तहसील. दचकू नका, तळहातावर मावतो.

माझं लाकूड बरगीच्या जंगलातल्या सागाचं. त्या सागाला रोज वाघ पाठ घासायचा, असं मी सगळ्यांना सांगतो. मला कापणारा सुतार मात्र म्हणायचा, आंब्याच्या पेटीची फळी आहे. सुताराला काय कळतं.

जबलपूरच्या राइट टाउन भागातल्या एका शाळेत विष्णुपंत भूगोल शिकवायचे. जिल्हा म्हणजे काय हे पोरांच्या डोक्यात शिरेना, म्हणून त्यांनी लाकडी नकाशाच करवून घेतला. चौकटीत जबलपूर जिल्हा, आणि त्यातून एकेक तहसील सुटी निघायची. पाटण, कुंडम, सिहोरा, आणि सगळ्यांच्या डोक्यावर मी.

"जिल्हा फोडला की तहसिली, तहसील फोडली की पंचायती, पंचायत फोडली की गावं. आणि गाव फोडलं की?"

"भांडणं, सर!" पोरं ओरडायची.

सिहोऱ्याची वरची कड आणि माझी खालची कड करवतीच्या एकाच फेऱ्यात कापलेली. असं शेजारपण फार कमी जणांना लाभतं. संध्याकाळी नकाशा सायकलला बांधून घरी यायचा. विष्णुपंतांची कुंदा तेव्हा रांगत होती. दात शिवशिवले की ती मलाच चावायची. माझ्या कोपऱ्यावर तिचे दोन दात अजून आहेत.

पुढे कुंदाला कटनीचं स्थळ आलं. कटनी शहर माझ्याच अंगावर वसलेलं. पण कुंदाची आई, अंजनीबाई, अडून बसल्या. "एकच पोर आहे. जिल्ह्याबाहेर देणार नाही मी."

विष्णुपंतांनी नकाशा पुढे धरला आणि माझ्यावर बोट ठेवलं. "बाहेर काहून? हे बघ कटनी. आपल्याच जिल्ह्यात देऊन राहिलो न."

लग्न झालं, आणि थोड्याच दिवसांत सरकारनं जिल्हा फोडला. कटनी वेगळा जिल्हा झाला, आणि मी त्यात गेलो. विष्णुपंत पडले काटेकोर मास्तर. भिंतीवर चुकीचा नकाशा कसा ठेवणार? त्यांनी मला उपसून काढलं.

"गेली न पोर जिल्ह्याबाहेर," अंजनीबाई एवढंच म्हणाल्या, आणि मला तांदळाच्या कोठीच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवलं.

तिथे माझी निम्मी हयात गेली. एका झुरळाशी इतकी दोस्ती झाली, की त्याची नातवंडं मला काका म्हणायची. एरवी बोलायला कोणी नाही. समोरच्या भिंतीवर सिहोरा दिसायचा, डोक्यावर भोक घेऊन लटकलेला. मग अंजनीबाई गेल्या. माझ्या अंगावरची कोठी हलकी झाली. आता तिच्यात एका माणसापुरतेच तांदूळ असायचे.

गेल्या थंडीत कुंदा वडिलांना न्यायला आली.

"चला न बाबा. एकटे काय करता इथे?"

"मी बरा आहे."

"बरे आहात? सकाळी दूध उतू गेलं, गॅस तसाच चालू होता."

"दुधाला घाई होती."

तेवढ्यात मी सरकलो. हो, मीच. शेजारी उंदीर म्हणतील, म्हणू द्या. कोठी कलली, झाकण खणखणलं. कुंदानं वाकून मला उचललं आणि दातांच्या खुणांवरून अंगठा फिरवला.

"बाबा, हा इथे काहून?"

"तो दुसऱ्या जिल्ह्याचा आहे."

"अच्छा. मग मी पण दुसऱ्याच जिल्ह्याची न."

विष्णुपंत उठले. त्यांनी नकाशा उतरवला आणि मला जागेवर बसवून पाहिलं. मी बसेना. फरशीच्या ओलीनं एका अंगाला फुगलो होतो.

बाहेरून ऑटोवाल्यानं हाक मारली, "दीदी, गाड़ी छूट जाएगी."

"तू हो पुढे," विष्णुपंत म्हणाले. "घासावं लागेल याला. हा बसला की येतो मी."

"नक्की?"

"अर्धवट काम टाकून कसा येऊ?"

कुंदा एकटीच गेली. ते रोज अंगणात उन्हाला बसून मला पॉलिश पेपरनं घासायचे. आठवडा झाला नसेल, मी बसलो. असा बसलो की सिहोऱ्यात आणि माझ्यात केससुद्धा जाणार नाही. विष्णुपंतांनी जबलपूरवर बोट ठेवलं, ते हळूहळू वर सरकवत सिहोऱ्यावरून माझ्यावर आणलं, आणि बराच वेळ तिथेच ठेवलं.

आता उन्हाळा लागलाय. रोज संध्याकाळी कुंदाचा फोन येतो. तो वाजला की विष्णुपंत आधी मला उपसून हातात घेतात, मगच बोलतात.

"काय करून राहिले, बाबा?"

"याला घासून राहिलो."

"अजून बसला नाही?"

"नाही ग. बाहेरच आहे. थोडंसं राहिलं."

खोटं नाही बोलत ते. त्या घडीला मी खरोखरच बाहेर असतो. फोन ठेवला की मला पुन्हा बसवतात, आणि अंधारून आलं तरी दिवा न लावता नकाशासमोर बसून राहतात.

मी थापाड्या, माझ्यावर कोण विश्वास ठेवणार. पण ही एक गोष्ट त्या वाघाच्या शपथेवर खरी. तुमच्यापैकी कोणी कटनीकडे निघालं, तर कुंदाला माझा निरोप द्या. म्हणावं, मुडवारा कधीचाच बसलाय. आणि म्हणावं, येशील तेव्हा फोन न करता ये.