धुरपताबाईच्या सुराखालची तार

मारेगावकडच्या एका बंजारा तांड्यात ढावलो पुरा येणारी एकच बाई उरली होती, आणि तिचा आवाज महिन्यागणिक खाली खाली उतरत चालला होता. धुरपताबाई तिचं नाव. सासरी निघालेली नवरी एकेकाच्या गळ्यात पडून जे गाणं रडते, तो ढावलो. धुरपताबाईची नात राखी वैशाखात सासरी जायची होती आणि तिला त्यातली एक ओळ धड येत नव्हती. आताच्या पोरींना रडायलासुद्धा शिकवावं लागतं, असं म्हातारी म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

राखीचा भाऊ बादल लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला होता. भाड्याच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून, एक माइक आणि जुना लॅपटॉप मांडून त्यानं घरच्या घरी स्टुडिओ थाटला होता. दादीचा आवाज जायच्या आत ढावलो रेकॉर्ड करायचाच, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. पण गोधड्यांच्या त्या खोलीत तिचा नुसता आवाज फार एकटा वाटायचा. खालून कोणीतरी धरायला हवं होतं, म्हणून बास गिटार घ्यायची ठरली. साठवलेल्या पैशांत एकच येणार होती. ती चुकली, तर वैशाखाआधी दुसरी घेणं काही शक्य नव्हतं. म्हणून पठ्ठ्या दादीलाच यवतमाळच्या वाद्यांच्या दुकानात घेऊन आला.

दुकानदार भीमराज गायन पार्टीत वाजवून वाजवून केस पिकलेला माणूस. त्यानं आधी चार तारांची गिटार काढली. "हे न्या भाऊ, सस्त्यात पडते. आजीचा सूर कोनता?"

"पेटीवरची काळी एक," बादल म्हणाला.

"मंग पंचाईत हाय. हिची खालची तार पांढरी तीनपाशी थांबते. त्याच्याखाली काईच नाई. आजीले म्हना, सूर जरासा चढवा."

बादल तीन महिने हेच तर सांगत होता. धुरपताबाईनं बिचारीनं पुन्हा एकदा चढवून पाहिला. दुसऱ्याच शब्दाला आवाज चिरकला आणि ती ओशाळून पदराशी खेळत बसली. मग एकदम उसळली.

"लेक जाते तवा सूर कोन मोजते रे? अन् हवेत कशी गाऊ मी? ढावलो गळा धरून गातेत."

बादलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन महिने त्यानं तिला माइकसमोर स्टुलावर एकटीला बसवलं होतं. तांड्यात जन्मलेल्या पोराला एवढं कळू नये!

भीमराजनं मग पाच तारांची कोरी लाल गिटार स्पीकरला जोडून त्याच्या मांडीवर दिली. धुरपताबाई मागून आली, नातवाच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि आपल्या सुरात गाऊ लागली. बादलनं पाचवी तार छेडली. वाळत घालायच्या ढिल्या दोरीसारखी ती नुसती फडफडली.

"दांडी आखूड हाय तिची, म्हनून तार ढिली," भीमराज म्हणाला. "थांबा."

माळ्यावरून त्यानं एक जुनी पाच तारांची खाली आणून स्पीकरला जोडली. रंग उडालेला, एक बटण गायब, दांडी मात्र हातभर लांब. कोरीपेक्षाही स्वस्त होती. कोणी घेतच नव्हतं तिला.

बादलनं पाचव्या तारेवर काळी एक धरली.

आवाज कानाला आलाच नाही आधी. स्टूल थरथरलं, काउंटरची काच गुणगुणली, आणि मग छातीच्या पिंजऱ्यात काहीतरी उभं राहिलं. हेडफोन घालून शंभरदा ऐकलेला हा सूर, पण तो असा असतो हे बादलला ठाऊक नव्हतं. त्याला अक्षरशः भीती वाटली, आणि त्या भीतीतही हात तारेवरून काढवेना. गळ्याभोवतीचे दादीचे हात मात्र एकदम घट्ट झाले. ती गायची थांबली.

नाही आवडलं, असं वाटून बादलनं तार दाबून टाकली.

"थांबू नको," ती म्हणाली. "वाजव."

"याडीये..." तिनं आईला हाक घातली आणि अख्खा ढावलो गायला. आवाज कुठं चिरकला नाही, कुठं अडखळला नाही. जिथं तिचा श्वास संपायचा तिथं ती तार उभी असायची. भीमराजनं आधीच पंखा बंद केला होता आणि घामाघूम होऊन तो तसाच, तोंडात बोट घालून उभा होता. चाळीस वर्षं गाणं वाजवलेल्या माणसाची ही गत, तिथं बादलचं काय सांगावं!

संपल्यावर धुरपताबाईनं गिटारीच्या लाकडावर तळवा ठेवला.

"ज्याचा गळा धरला, त्यानं खालून हुंकार द्यायचा असते. मी निघाली तवा अकरा वर्साची होती. माही याडी असाच देत होती हुंकार. एवढाच खाली."

"दादी, तुहा आवाज जाऊन राह्यला म्हनून मी..."

"जाऊन नाई राह्यला बेटा," ती म्हणाली. "याडीच्या आवाजापाशी चालला."

भीमराज गिटार पुसून खोळीत घालू लागला. धुरपताबाईनं ती घालू दिली नाही, तशीच मांडीवर ओढून घेतली.

"राखीले फोन लाव," ती बादलला म्हणाली. "आजच ये म्हन, ढावलो शिकाले. आता गळा तिचा पायजे."