दाराजवळचं टेबल

अमेरिकेतल्या टोलेडोच्या कामगार संघटनेच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी खेळाडूंचे फोटो छापलेल्या, हौशी लोक जमवतात त्या कार्डांचा बाजार भरे, आणि दाराजवळचं टेबल लिओनार्ड ऊर्फ लेनी ग्रबोव्स्कीचं असे. तीस वर्षं हेच चाललं होतं. माळ्यावरचा जुन्या कार्डांचा डबा विकायला घेऊन जो कोणी आत येई, त्याची पहिली गाठ लेनीशीच पडे. उरलेल्यांना मिळे ते लेनीने नाकारलेलं.

मध्यंतरी बाजार पार बसला. रस्त्यापर्यंत जाणारी रांग आटली, पंचाहत्तर टेबलांची नऊ झाली. विकणारे एकमेकांनाच विकत आणि एकमेकांचीच कॉफी पीत बसत. डेल हॉस्टेटलरने तेव्हाच गाशा गुंडाळला आणि तो बोटींचे विमे विकायला गेला. लेनी चिकटून राहिला. आता दिवस पालटले, तसा डेल परतला, फोन आणि गोल दिवा घेऊन. फोनच्या कॅमेऱ्यासमोर कार्डांची बंद पाकिटं फोडायची, कार्ड दाखवून "ओ हो हो!" करायचं, की ती कार्डं घ्यायला टेक्सासमधली माणसं घरबसल्या पैसे धाडत. त्याचं टेबल पार मागच्या भिंतीला, पण गर्दी तिथेच.

"वाईट दिवसांत या हॉलमधल्या खुर्च्या मी मांडल्या," लेनी शेजारच्या अर्लला ऐकवी.

"मग आता त्या भरल्यात, तर रडतोस कशाला?"

त्या रविवारी एक बाई बिस्किटांचा डबा घेऊन आत आल्या. लेनी उठून उभा राहिला. "या, या! काय आणलंत?"

"वडिलांची बेसबॉलची कार्डं आहेत. अहो, ते फोनवाले डेल कुठे बसतात?"

लेनीने बोट दाखवलं. मग राहवेना, म्हणून मागोमाग गेला.

डेल एका जुन्या खेळाडूचं कार्ड दिव्याखाली निरखत होता. "चारशे डॉलर देतो, बाई."

बाजाराचा एक नियम होता: गिऱ्हाइकाचं कार्ड ज्याच्या हातात, बोली त्याचीच, त्याने ते खाली ठेवेपर्यंत इतरांनी तोंड मिटून राहायचं. नवख्यांना हे दटावून शिकवायचं काम लेनीचंच.

"सहाशे!" लेनी ओरडला.

सगळा हॉल वळून बघू लागला. डेलने कार्ड अलगद खाली ठेवलं. "घे बाबा. मला नाही परवडत."

कार्ड चोख होतं, सहाशेलाही स्वस्तच. ते खिशात घालून लेनी जागेवर परततो, तो बाजार चालवणारी मर्ना समोर. "पुढच्या महिन्यापासून दार डेलला."

"अगं मर्ना, तीस वर्षं..."

"म्हणून तर! नवखा असता तर समज देऊन सोडला असता."

"राहू दे गं त्याला तिथेच," डेल मागून म्हणाला. "मला दार घेऊन काय करायचंय? माझी माणसं मला शोधत येतात."

खोचकपणा नव्हता त्यात, तेच लेनीला झोंबलं. टोमणा असता तर परत तरी करता आला असता.

"तुझी मेहेरबानी तुझ्यापाशीच ठेव," म्हणत त्याने टेबलावरचं कापड गुंडाळलं. आजच्या आज जा, असं कुणी म्हटलं नव्हतं. तरी दोन-दोन खोकी उचलत तो संडासाशेजारच्या रिकाम्या टेबलाकडे निघाला. डेल हात लावायला धावला.

"शिवू नकोस!"

मांडामांड झाली. लेनीने नवं कार्ड दर्शनी ठेवलं आणि मान उंच केली. दारातून एक म्हातारा खोकं घेऊन आत येत होता. रिकाम्या टेबलाशी घुटमळला, दोन्हीकडे पाहिलं आणि दिव्याच्या रोखाने चालू लागला.

"अहो, इकडे!" लेनीने हाक मारली. "इकडेही घेतात!"

गर्दीच्या गलक्यात ती म्हाताऱ्याला ऐकूच गेली नाही.