एका परातीतला नैवेद्य

भैरूला घोड्यांतलं कळत नाही असं म्हणायची माले गावात कुणाची छाती नव्हती. गावाच्या अलीकडे अण्णासाहेबांचा स्टड फार्म, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांची पैदास करायची जागा. तिथल्या गाभण घोड्या भैरूच्या हाताखाली. कागदावर त्यांची नावं इंग्रजी, जीभ अडकावी अशी लांबलचक. भैरूनं आपली सुटसुटीत नावं ठेवली होती: मैना, चांदणी आणि हिरकणी. त्यातली हिरकणी म्हणजे त्याचा जीव की प्राण. शिंगरू असताना तिची आई गेली, तेव्हा बाटलीनं दूध पाजून त्यानं तिला वाढवलेलं. आता ती पहिल्यांदाच गाभण होती, आणि पोटची लेक बाळंतपणाला माहेरी यावी तसा हा गडी तिच्या मागंपुढं करायचा.

डॉक्टरीणबाई उत्कर्षाताई पुण्याहून यायच्या. त्यांचे नियम कडक. बाहेरचं घोडं फाटकाच्या आत घ्यायचं नाही. नवं विकत आणलेलं असलं तरी आधी लांबच्या पागेत वेगळं बांधायचं. प्रत्येकीची बादली वेगळी, अंग घासायचा खरारा वेगळा. भैरू पहिल्यांदा कुरकुरला. "माणसांच्या घरात बी येवढं सोवळं न्हाई," म्हणाला. पण नंतर इमानानं पाळायला लागला, खोटं कशाला बोला.

पण दसरा आला की अक्कल गुंडाळून ठेवायची, ही आपली खोड! २००५ सालचा दसरा. अण्णासाहेब पुण्यात, उत्कर्षाताई सुट्टीवर. भैरूची बायको चंद्रकला तिथंच पागेत झाडलोट करायची. तिचा भाऊ किसन भुकूमला राहायचा आणि लग्नाच्या वरातीला घोडी भाड्यानं द्यायचा. तिकडं नव्या सोसायट्या झाल्यापासून नवरात्रातल्या मिरवणुकांनाही त्याच्या घोडीला मागणी होती. तो सकाळीच घोडी घेऊन फाटकावर हजर.

"दाजी, माझ्या एकलीची पूजा कुटं करू? तुमच्या घोड्यांच्या पंगतीला बसू द्या की."

घोडीच्या नाकातून पाणी गळत होतं. भैरूनं ते पाहिलं. न पाहायला त्याचे काय डोळे फुटले होते?

"सर्दी हाय," किसन म्हणाला. "मिरवणुकीत लई फिरली."

आता सख्ख्या मेव्हण्याला सणाच्या दिवशी फाटकावरून परतवायचं, म्हणजे चंद्रकलेचं तोंड वर्षभर फुगलेलं. भैरूनं फाटक उघडलं.

दसऱ्याला सगळ्या घोड्यांनी एकाच परातीतला नैवेद्य खायचा, ही त्याच्या बापापासूनची रीत. भिजवलेले हरभरे आणि गूळ. पहिला मान पाहुणीचा. किसनच्या घोडीनं परातीत तोंड घातलं, दोनदा फुरफुरली, आणि तीच परात मग मैनेपुढं, चांदणीपुढं आणि शेवटी हिरकणीपुढं गेली. देवाच्या कामाला कसले आलेत नियम, असं भैरूला वाटलं. आपट्याची पानं वाटून तो मोकळा झाला.

थंडी पडली आणि मैनेनं गाभ टाकला. ना ताप, ना खाणंपिणं सुटलेलं. सकाळी भैरू गेला तर गवतात मेलेलं शिंगरू, आणि मैना त्याला चाटून चाटून उठवत होती.

उत्कर्षाताई तातडीनं आल्या. हातमोजे चढवून त्यांनी सगळं पाहिलं, तपासणीला पाठवायचं ते बांधून घेतलं, गवत जाळायला लावलं. मग वळून म्हणाल्या, "भैरूदादा, मधल्या काळात बाहेरचं एखादं घोडं आत आलं होतं का? नीट आठवून सांगा. आलं असेल तर हा साथीचा प्रकार असू शकतो. मग या दोघींनाही आजच एकमेकींपासून तोडायला हवं."

आठवायचं काय होतं त्यात! ती परात त्याच्या डोळ्यांपुढं लख्ख उभी होती. पण तोंडातून निघालं, "न्हाई ताई. बाहेरचं घोडं हितं कुटनं यायचं?" एवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण नाही! कुणी विचारलं नसताना पुढं म्हणाला, "परवा धुतलेल्या फरशीवर घसरली व्हती ती."

घसरली होती, हे खरंच होतं. उत्कर्षाताईंनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. मैनेला लांबच्या पागेत हलवलं. चांदणी आणि हिरकणी मात्र तपासणीचा निकाल येईपर्यंत होत्या तिथंच, शेजारी शेजारी राहिल्या.

त्या रात्री भैरूनं ताट बाजूला सारलं. "सांगून टाकू का?" त्यानं बायकोला विचारलं.

"गप बसा," चंद्रकला म्हणाली. "किसनची घोडी बंद झाली तर त्याची पोरं काय खातील?"

भैरूनं तिचं ऐकलं. सकाळी हिरकणीच्या पोटावर हात ठेवायचा. आतलं शिंगरू लाथ मारायचं, आणि चटका बसल्यासारखा तो हात मागं घ्यायचा. हिरकणी आपली त्याच्या खांद्यावर मान टाकून उभी. तिला काय ठाऊक, आपण कुणाच्या गळ्यात गळा घालतोय ते!

मग निकाल यायच्या आतच चांदणीनंही गाभ टाकला. भैरू पोचला तेव्हा मेलेलं शिंगरू दोघींच्या मधल्या आडव्या बांबूंच्या कडेला पडलं होतं, आणि हिरकणी पलीकडून मान लांब करून त्याला हुंगत होती. ते पाहिलं मात्र, तो फाटकाकडं धावला. उत्कर्षाताईंची जीप आत आली तसा तो चारचौघांदेखत तिच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"ताई, मी खोटं बोललो. दसऱ्याला मेव्हण्याची घोडी आणली व्हती. नाक गळत व्हतं तिचं. एकाच परातीत समद्यांस्नी खायला घातलं. ह्या हातांनी घातलं."

उत्कर्षाताई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी विचारलं होतं तुम्हाला," एवढंच त्या म्हणाल्या. मग भराभरा कामाला लागल्या. चांदणीला मैनेशेजारी बांधलं, हिरकणीला पार पलीकडच्या पागेत नेलं. मधे चुन्याची जाड रेघ ओढली. "लस दिलीय तिला, पण लशीनं सगळंच थांबतं असं नाही. मैनेला नि चांदणीला तुमचे हात लागलेत. आता तुम्ही फक्त त्या दोघींचं पाहायचं. हिरकणीकडे चंद्रकलाबाई जातील, धुतलेले कपडे घालून. तुम्ही ही रेघ ओलांडायची नाही. ती व्याली तरी नाही."

"तिला माझ्याबिगर कुणाची सवय न्हाई, ताई."

"शिंगरू जगायला हवं ना तिचं?"

सकाळी भैरू खोकला की पलीकडून हिरकणी त्याला हाक मारायची, ओढ घ्यायची, चंद्रकलेला जुमानायची नाही. मग भैरूनं तोंडात पदर कोंबावा तसा गमजा कोंबून खोकायची सवय लावून घेतली.

संक्रांत झाली. एका सकाळी चंद्रकला रेघेपलीकडून ओरडली, "व्याली ओ! शिंगरी हाय! उभी बी राह्यली!"

भैरू धावत सुटला आणि रेघेशी येऊन थबकला. डोळ्यांना धारा लागल्या. वाचली गं बाय, वाचली! एवढ्यात पलीकडून बारीक आवाजात शिंगरी खिंकाळली.

त्याच्या मागं मैनेनं कान टवकारले. फळीवर छाती दाबून तिनं जिवाच्या आकांतानं उत्तर दिलं. तिच्या पाठोपाठ चांदणीनं दिलं. दोघींचं दूध कधीच आटलं होतं. पण त्या पलीकडच्या आवाजाला बोलावत राहिल्या, खुरांनी ठाण खणत राहिल्या, आपलंच कुणीतरी येतंय म्हणून दाराकडं बघत राहिल्या.

भैरू मागं फिरला. "चुकलं गं माझं," म्हणत त्यानं हरभरे भिजवले आणि दोघींपुढं दोन वेगळ्या बादल्या ठेवल्या. एकीनंही तोंड लावलं नाही.