ताटाभोवतीचं पाणी

जालन्याबाहेरच्या त्या बागेतल्या महागड्या हॉटेलात अरुंधती पहिल्यांदाच आली होती. धाकटी मेधा गावातच दिलेली, त्यामुळे तिचा प्रत्येक वाढदिवस दादांनी, त्यांच्या वडिलांनी, इथंच केला. दादांमागचा हा पहिला.

"दादांचं कळलं ताई, लई वाईट झालं," वेटर मेधाला म्हणाला. मग अरुंधतीकडे वळून, "ह्या पाहुण्या का?"

"मोठी बहीण माझी."

अरुंधतीला ते 'पाहुण्या' फार लागलं. जेवण वाढून झाल्यावर त्यानं मेधाजवळ पाण्याची वाटी ठेवली. "दादांना लागायची. हात सवयीनंच गेला."

"चित्राहुतीला!" मेधा हसली. "एवढ्या लोकांत ताटाभोवती पाणी फिरवायचे, भाताची शितं मांडायचे. मला मेली लाज वाटायची."

लहानपणी ती शितं दादांच्या हातावर अरुंधतीच ठेवायची. मेधा तेव्हा पाळण्यात होती.

अरुंधतीनं वाटी आपल्याकडे ओढली, ताटाभोवती सावकाश पाणी फिरवलं आणि उजवीकडे पाच शितं मांडली. पांढरं मेजकापड भिजलं.

"अगं, बायका नाही करत!"

"पाहुण्यांना चालतं," अरुंधती म्हणाली, आणि वाटी तिनं परत दिली नाही.