नमुन्याची वाळू

माणसं नापास झाली की चिडतात. गुरुदत्त कर्णिक पास झाल्यामुळे चिडले होते.

साल चोपन्न. उल्हासनगरात जुन्या लष्करी बराकींमध्ये राहणाऱ्या निर्वासितांच्या मुलांसाठी चार खोल्यांची शाळा उभी राहत होती आणि गुरुदत्त त्या कामावरचे ओव्हरसियर होते. दोन खोल्यांवर स्लॅब पडला होता. स्लॅबच्या मालाचे नमुने लोखंडी डब्यांत भरायचे, घट्ट झाले की ते ठोकळे अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे आणि मुंबईच्या प्रयोगशाळेत दाबून फोडायला पाठवायचे, अशी रीत. तिथून अहवाल आला तो उत्तम. सहाच्या सहा ठोकळे पास, तेही ऐटीत.

आणि इकडे त्याच स्लॅबची कड गुरुदत्तांनी नखानं खरवडली की भुगा पडत होता! हातोडी मारली तर खणखणीत आवाज यायच्या ऐवजी भद्द. वाळू मातकट होती, तळहातावर चोळली की हात चहाच्या रंगाचा व्हायचा. त्यांनी पहिल्यापासून कंत्राटदाराच्या मुनशीच्या, हरिचंद्रच्या, मागे कटकट लावली होती. हरिचंद्रचं उत्तर ठरलेलं, "डबे काय म्हणतात ते बघू, साहेब." आता डबे बोलले होते आणि हरिचंद्रचीच बाजू घेऊन बोलले होते.

मोठ्या साहेबांनी तर हात झटकले. "प्रयोगशाळा सरकारची की तुमचं नख सरकारचं? सोमवारी सही करा, टेकू काढा."

टेकू निघाले की त्या स्लॅबखाली चाळीस चाळीस पोरं बसणार, या विचारानं गुरुदत्तांना अन्न गोड लागेना. बायको, कुमुदिनी, म्हणाली, "एवढं वाटतंय तर सही करू नका." जणू त्यांनीच सही करायचा हट्ट धरला होता. ते तिच्यावरही खेकसले आणि मग दिवसभर स्वतःवर चरफडत राहिले.

तिसऱ्या खोलीचा स्लॅब मंगळवारी पडायचा होता. डबे भरायच्या वेळी गुरुदत्त दर खेपेला हजर असत. पण अंबरनाथला दवाखान्याचं बांधकामही त्यांच्याकडेच होतं; तिथली पाहणी आटोपून ते पोचेपर्यंत माल कालवलेला असे. भरलेली घमेली डब्यांपाशी तयार. त्यांच्या डोळ्यांदेखत फक्त डबे भरले जात. या वेळी मात्र हरिचंद्रची चोरी पकडायचीच, अशा इराद्यानं ते सोमवारी भर दुपारी, सही करायच्या आधी, न सांगता कामावर जाऊन थडकले.

पिंपाशी येसू वाळू धूत बसली होती. पाणी नितळ होईपर्यंत ओतायची, पुन्हा भरायची. शेजारी तिचा नवरा सुकऱ्या धुतलेली वाळू फडक्यात निथळत ठेवत होता. बारवी नदीकडच्या पाड्यावरचं हे जोडपं. माल कालवायचं काम त्यांच्याकडे.

"हे काय चाललंय?"

"उद्याच्या डब्यांची वालू, सायेब," येसू म्हणाली.

"सगळी अशीच धुता?"

येसू हसली. "सगली कशी व्हईल? डब्यांपुरती. डबं मुंबयला जात्यात ना? तिथं घान कशी धाडायची?"

सुकऱ्याला वाटलं, साहेब खूश झाले. त्यानं आणखी भर घातली. "आमच्या पाड्याखालची हाय, नदीची. डोक्यावर आनली. शिमिट पन वाईच जास्त घालतूं."

"कोणी सांगितलं तुम्हाला हे?" गुरुदत्त ओरडले.

"तुमीच की," सुकऱ्या बावरून म्हणाला. "पयल्या दिशी डब्यात गवताची काडी निंगाली, तवा तुमी म्हनलात, माझ्या डब्यात घान दिसली तं घरी धाडीन."

गुरुदत्तांना ते आठवलं आणि त्यांच्या कानांतून वाफा निघाल्या. हरिचंद्र बाजूला उभा होता. "मी काही शिकवलं नाही हां त्यांना," तो म्हणाला. "दिसत होतं. म्हटलं, साहेबांचाच हुकूम असेल." त्याच्या तोंडात एक ठेवून द्यावी असं गुरुदत्तांना मनापासून वाटलं. पण शब्द तर त्यांचेच होते.

मोठ्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मजुरांनी सरकारी नमुने बिघडवले. नावं लिहून द्या. त्यांना हाकलतो आणि स्लॅब पाडायला लावतो."

"बिघडवले नाहीत हो, सुधारले!"

"तेच ते. दोष कोणाचा हे कागदावर आल्याशिवाय मला पास झालेला स्लॅब पाडता येत नाही."

गुरुदत्त कागद घेऊन बसले. पुढच्या महिन्यात ते नोकरीत कायम व्हायचे होते. मुनशीचं नाव लिहावं तर पुरावा नाही. सुकऱ्याचं लिहावं तर हात चालेना. हे असं कसं, खराब माल आणणारा सुटतो आणि चांगला माल देणारा अडकतो, म्हणून त्यांनी टाक दोनदा आपटला. शेवटी लिहिलं: डब्यांतला माल स्लॅबचा नव्हता; तो कालवताना मी हजर नव्हतो, दोष माझा.

स्लॅब पाडायचा हुकूम निघाला. गुरुदत्तांचं कायम होणं लांबलं आणि बदली बदलापूरच्या गोदामावर झाली. जायच्या दिवशी ते शाळेवर गेले, तर सुकऱ्या आणि येसू घण घेऊन स्लॅब फोडत होते. फोडायला जोर लागतच नव्हता. येसूनं एक ढेकूळ हातात चुरडलं आणि रागानं त्यांच्याकडे बघितलं.

"सायेब, आमचं काम वायट, असं लिवलात ना कागदावर?"

"नाही. माझं वाईट, असं लिहिलं."

"तुमचं?" तिला ते पटेना. "तुमी काय केलात? तुमी तं निस्ते बगत व्हता."

"बघत नव्हतो, येसू," गुरुदत्त म्हणाले. "तेच लिहिलंय."