तीन नंबरचा ट्रक आणि माझ्या तीनशे रेघा

मी एक जुने स्टॉपवॉच आहे. माझ्या तबकडीवर तीनशे रेघा आहेत, काटे दोन, किल्ली एक आणि काचेवर ओरखडे चार. एक रेघ म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. तासाभरात मी दोन सेकंद मागे पडतो. मित्रांनो, हे आधीच सांगितलेले बरे. मोजणाऱ्याने स्वतःची चूक लपवू नये.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशात झाला, पण मी कामाला लागलो ते जबलपूरला, ट्रकच्या एका कारखान्यात. तिथे मी हेमलताताईंच्या गळ्यात काळ्या दोरीला लटकत असे. ताई नुकत्याच बी.एस्सी. होऊन चाचणी विभागात रुजू झाल्या होत्या. पनागरच्या बाजूला एक कच्चा रस्ता होता. त्यावर एक चढ, एक नाला आणि नऊ वळणे होती. ट्रक सुटला की ताई माझे बटण दाबत आणि मी आनंदाने धावू लागे.

१९७१चा नोव्हेंबर होता. युद्ध जवळ आल्याचे सर्वांना जाणवत होते. चाळीस नवे ड्रायव्हर शिकायला येणार होते आणि त्यांच्यासाठी एक उस्ताद निवडायचा होता. दावेदार दोघे होते, आमच्याच चाचणी विभागाचे ड्रायव्हर अंबादास आणि श्यामसुंदर. श्यामसुंदरला ही जागा फार हवी होती, कारण त्या चाळिसांत त्याचा धाकटा भाऊ होता. त्याला आपणच शिकवून पाठवावे, असे त्याच्या मनात होते.

पण आमच्याकडे एक रीत होती. दसऱ्याला पूजा झाली की ज्याच्या हाती ज्या ट्रकची किल्ली येई, तो ट्रक वर्षभर त्याचा. अंबादासकडे नवाकोरा सात नंबर होता. खिळखिळा तीन नंबर सलग दोन दसरे श्यामसुंदरकडेच आला होता, कारण तो ट्रक रस्त्यात बंद न पडू देता परत आणणारा तो एकटाच होता.

चाचणी झाली. अंबादासला सहा मिनिटे १२.४ सेकंद लागले, श्यामसुंदरला सहा मिनिटे ५१.

"चलो, झालं! उस्ताद अंबादास," सुपरवायझर बाबारावसाहेब म्हणाले.

"साहेब, हा फरक माणसाचा आहे की ट्रकचा?" ताईंनी विचारले.

"काहून? घड्याळ खोटं बोलून राहिलं काय?"

"घड्याळ खरंच बोलतंय. आपण प्रश्न अर्धा विचारलाय. दोघांना ट्रक बदलून चालवू द्या. दोन्ही फेऱ्यांची बेरीज ज्याची कमी, तो उस्ताद."

अंबादासने किल्ली मुठीत घट्ट धरली. "दीदी, दसऱ्याला पूजलेली गाडी आहे माझी. दुसऱ्याच्या हाती कशी देऊ?"

"घाबरून राहिला काय बे?" श्यामसुंदर हसला.

"घाबरते माझं खेटर! घे किल्ली!"

आधी अंबादास तीन नंबरमध्ये चढला. श्यामसुंदर खिडकीपाशी गेला. तो गप्प राहिला असता तर कोणाला काहीच कळले नसते.

"ऐक बे, चढावर तिसरा गिअर सुटते याचा. गुडघा टेकवून ठेवजो."

"गुडघा? अन् तू रोज हे करते?"

"रोज."

अंबादासने गुडघा गिअरला टेकवून पाहिला. मग म्हणाला, "अच्छा, तर तूही ऐक. सातचा ब्रेक लई तेज आहे, पटकन धरते. नाल्याआधी जोरात दाबू नको."

त्याची फेरी सहा मिनिटे ५८.२ सेकंदांची झाली. तो गुडघा चोळतच खाली उतरला. बेरीज तेरा मिनिटे १०.६ सेकंद आली. ताईंनी वहीत वजाबाकी केली. श्यामसुंदरला आता सहा मिनिटे १९.६ सेकंदांच्या आत यायचे होते.

मित्रांनो, शेवटची फेरी सांगण्यापूर्वी एक विनंती करतो. नवी घड्याळे आली तेव्हा मला अडगळीत टाकले होते. ताईंनी मागून घेतले, म्हणून आज मी जबलपूरच्या कांचघर मोहल्ल्यात, त्यांच्या घरच्या कपाटात टिकटिकतो आहे. तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी असेल तर त्याला आठवड्यातून एकदा किल्ली द्या, काच पुसा आणि ते किती चुकते हे तपासून मगच कामाला लावा.

तर श्यामसुंदर सुटला. माझा काटा पळू लागला. चढावर ट्रक दिसला तेव्हा आमचा ड्रायव्हर सवयीने गुडघा गिअरला टेकवून वाकडा बसला होता.

"अबे, तो सात आहे! गुडघा काढ!" अंबादास रस्त्याच्या कडेने पळत ओरडला. बाबारावसाहेबही हसू लागले.

श्यामसुंदर सरळ बसला. नाल्यापाशी ब्रेक हलकेच लागला. शेवटचे वळण झाले, चुन्याची रेघ ओलांडली आणि ताईंचा अंगठा माझ्या बटणावर पडला.

सहा मिनिटे, ५.८ सेकंद.